लॅम्प्रे आपला पूर्वज नाही, मग त्याच्याकडून कळतं काय?

प्रश्न असा आहे: "मी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की लॅम्प्रे आणि हॅगफिश हे सर्वांत आदिम पृष्ठवंशी आणि त्यांच्यापासून पुढे जबडा असलेले मासे झाले. मग ते अजून आदिमच कसे राहिले? आणि या जबडा नसलेल्या माशांवर जगभर एवढं संशोधन कशासाठी चालतं?"

गेली सव्वीस वर्षं मी पृष्ठवंशी प्राण्यांची तुलनात्मक शरीररचना शिकवते आहे आणि हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. त्याचं मला कौतुक वाटतं, कारण नोट्समधलं ते वाक्य खटकायलाच हवं. त्यातला "त्यांच्यापासून" हा शब्द चुकीचा आहे, आणि तो एक शब्द दुरुस्त केला की तुमचा पहिला प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. दुसऱ्याला मात्र वेळ द्यावा लागेल.

आधी हे प्राणी डोळ्यांसमोर आणा. लॅम्प्रे दिसायला आपल्या वामसारखा, लांबट आणि बुळबुळीत. वाम उचलून तोंड उघडलं तर जबडा दिसतो, दात दिसतात. लॅम्प्रेला जबडाच नाही. तोंडाच्या जागी एक गोल चकती, तिच्यावर वर्तुळावर्तुळांत मांडलेले केराटिनचे दात, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचे, आणि मधोमध खरवडणारी जीभ. डोक्यावर, अगदी मध्यावर, एकच नाकपुडी. दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात गोल भोकं, बासरीच्या भोकांसारखी ओळीने. अंगावर खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत, शरीरात हाड औषधालाही नाही. पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतून लांबवर गेलेली लवचीक दांडी, जन्मभर टिकतो आणि त्याच्यावर कूर्चेचे बारीक तुकडे बसलेले असतात, तोच त्याचा पाठीचा कणा. हॅगफिश त्याहून विचित्र. डोळे जवळजवळ निकामी, तोंडाभोवती मिशा, समुद्रतळाशी मेलेल्या माशांत शिरून ते आतून खाणारा. त्याला शार्कने धरलं तर तो क्षणात एवढा चिकट बुळबुळीत पदार्थ सोडतो की शार्कचे कल्ले तुंबतात आणि तो तोंडातून टाकून देतो. मग स्वतःच्याच शरीराची गाठ मारून ती डोक्याकडे सरकवत नेतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढतो.

लॅम्प्रेच्या सुमारे ४० जाती आज आहेत, हॅगफिशच्या ऐंशीच्या आसपास. लॅम्प्रे थंड आणि समशीतोष्ण पाण्यातला प्राणी, आपल्या नद्यांत तो नाही. म्हणून आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी तो फॉर्मॅलिनच्या बरणीत किंवा काचपट्टीवरच पाहिला, आणि बरणीतला प्राणी जुनाट वाटायला लागतो हेही खरं.

आता "त्यांच्यापासून" या शब्दाकडे. लॅम्प्रे-हॅगफिशचा वंश आणि आपला, म्हणजे जबडेवाल्यांचा वंश, हे साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळे झाले. शार्क, बांगडा, बेडूक, कावळा आणि आपण सगळे एका बाजूला, हे दोघं दुसऱ्या बाजूला. त्या फाट्यानंतर त्यांनाही तेवढीच ५० कोटी वर्षं मिळाली जेवढी आपल्याला. लॅम्प्रे आपला खापरपणजोबा नाही, फार लांबचा चुलत भाऊ आहे. मग तो "अजून आदिमच कसा राहिला" याचं उत्तर हे की तो तसा राहिलेला नाही. काही बाबतींत त्याने जुनं जपलं, काहींत तो आपल्यापेक्षा कितीतरी पुढे, स्वतःच्या वेगळ्या वाटेने गेला.

वर्गात मी घरच्या मसाल्याचं उदाहरण देते. तुमच्या घरच्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात आणि चार पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या चुलत घरातही घालतात, तर ते पणजीच्या काळापासून आलेलं असण्याचीच शक्यता जास्त. पण तुमच्याकडे खसखस आहे आणि त्यांच्याकडे नाही, तर निव्वळ तेवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. तुम्ही नंतर घातली असेल किंवा त्यांनी सोडून दिली असेल. त्यासाठी तिसऱ्या घरात विचारावं लागतं, नाहीतर पणजीची वही सापडावी लागते. आपल्या विषयात तिसरं घर म्हणजे ॲम्फिऑक्सस आणि ॲसिडियन, हे कणा नसलेले पण पृष्ठवंशींच्या नात्यातले समुद्री प्राणी, आणि पणजीची वही म्हणजे जीवाश्म. यापुढचं सगळं उत्तर याच हिशोबावर चालतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण तुमच्या नोट्समध्ये कदाचित "क्रेनिएटा" नावाची चौकट असेल, हॅगफिशला कणा नाही म्हणून पृष्ठवंशींच्या बाहेर ठेवणारी. १८०६ मध्ये द्युमेरिलने लॅम्प्रे आणि हॅगफिश यांना चक्रमुखी म्हणून एकत्र ठेवलं होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शरीररचनेच्या अभ्यासकांनी ती जोडी फोडली आणि लॅम्प्रेला आपल्या जवळ आणलं. पुढे जनुकांचा पुरावा सतत उलट बोलत राहिला, आणि २०१० मध्ये मायक्रोआरएनएच्या, म्हणजे जनुकांचं काम आवरणाऱ्या बारीक रेणूंच्या, तुलनेने ती जोडी पुन्हा भक्कम जुळली. २०११ मध्ये जपानच्या ओता आणि कुरातानी यांच्या गटाने हॅगफिशच्या शेपटाकडच्या भागात मणक्यांचे कूर्चामय अवशेष दाखवले. म्हणजे हॅगफिशचा कणा जवळजवळ गेलेला आहे. तो मुळात नव्हताच, असं नाही. साधेपणा दिसला की तो मूळचाच असं धरून चालायची सवय आपल्या विषयाला फार महागात पडली आहे, आणि पुढे याचं अजून मोठं उदाहरण येईल.

आणखी एक गैरसमज. "जबडा नसलेले मासे" हे एक कुटुंब नव्हे. सिल्युरियन आणि डेव्होनियन काळात, म्हणजे साधारण ४४ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, डोक्यावर हाडांचं चिलखत घातलेले जबडेहीन मासे भरपूर होते, ऑस्ट्रॅकोडर्म म्हणतात ते. जबडा नसला तरी ते लॅम्प्रेपेक्षा आपल्या जवळचे. आपल्या वंशाच्या फांदीवर, जबडा येण्याच्या आधीच्या टप्प्यावर बसलेले. त्यांच्यातल्या ऑस्टिओस्ट्रॅकी गटाला तर जोडीचे छातीचे परही होते, म्हणजे आपल्या हातांचा पूर्वावतार जबड्याच्या आधी आला. जबडा कसा आला हे विचारायचं तर लॅम्प्रे एकटा पुरत नाही, या चिलखती माशांकडे जावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एवढं संशोधन कशासाठी. सगळं सांगत बसले तर पुस्तक होईल, म्हणून मला ज्या गोष्टी खरोखर मोठ्या वाटतात त्याच घेते.

पहिली, रोगप्रतिकार. आपल्या शरीरात बी-पेशी प्रतिपिंडं करतात, टी-पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत तयार होतात, आणि दोन्हींचे ग्राहक, म्हणजे शत्रू ओळखणारे पेशीवरचे रेणू, जनुकांचे तुकडे कापून-जोडून बनतात. त्या कापाकापीचं काम रॅग नावाची प्रथिनं करतात. शार्कपासून माणसापर्यंत हीच पद्धत. लॅम्प्रेत मात्र शोधून शोधून प्रतिपिंडाचं जनुक सापडेना, रॅग सापडेना. तरी १९६० च्या दशकापासून हे माहीत होतं की लॅम्प्रेला दुसऱ्या लॅम्प्रेच्या त्वचेचा तुकडा लावला तर तो नाकारतो, आणि जंतू टोचले तर त्यांना ओळखून त्यांच्या गुठळ्या करणारं काहीतरी रक्तात तयार होतं. त्याच्या रक्तात लसिकापेशींसारख्या दिसणाऱ्या पेशीही होत्या. हत्यार दिसत नव्हतं, पण वार होत होता.

२००४ मध्ये झीव्ह पॅन्सर, मॅक्स कूपर आणि सहकाऱ्यांनी हे हत्यार शोधलं. लॅम्प्रेच्या लसिकापेशींवरचे ग्राहक पूर्णपणे वेगळ्या मालाचे निघाले. ल्युसिन हे अमिनो आम्ल ठरावीक अंतराने येणारे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक जोडून घोड्याच्या नालासारखा आकार बनतो, आणि त्या नालाच्या आतल्या बाजूला शत्रूचा रेणू बसतो. जनुकसंचात मूळ जनुक अर्धवटच असतं, त्याच्या आजूबाजूला अशा तुकड्यांचे शेकडो साचे पडलेले असतात, आणि प्रत्येक लसिकापेशी त्यातून आपापली निवड भरून घेते. त्यामुळे आपल्या प्रतिपिंडांच्या तोडीचं वैविध्य तयार होतं, रॅगला हातही न लावता. मॅक्स कूपर हे नाव लक्षात ठेवा. १९६० च्या दशकात कोंबडीवर काम करून लसिकापेशींच्या दोन शाखा, म्हणजे आजच्या बी आणि टी, त्यांनीच वेगळ्या करून दाखवल्या होत्या.

पुढचं मला याहून सुंदर वाटतं. लॅम्प्रेत या ग्राहकांचे तीन प्रकार निघाले. एक प्रकार धारण करणाऱ्या पेशी आपल्या बी-पेशींसारख्या वागतात, ग्राहक रक्तात सोडतात. इतर दोन प्रकारच्या पेशी टी-पेशींसारख्या, आणि त्यांची जडणघडण होते कल्ल्यांच्या टोकांशी असलेल्या एका ऊतीत. तिथे आपल्या थायमसमध्ये चालणाऱ्या जनुकाचा भाऊबंद चालतो. हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. आता मसाल्याचा हिशोब लावा. दोन शाखांची विभागणी दोन्ही घरांत आहे, म्हणजे ती ५० कोटी वर्षांपूर्वीची, सामाईक. ग्राहक मात्र दोन घरांनी वेगवेगळ्या मालातून घडवले. लॅम्प्रे पाहिला नसता तर प्रतिपिंडं आणि दोन शाखा ही एकच गोष्ट आहे असं आपण अजून समजत राहिलो असतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनची कथा अशीच, ती थोडक्यात सांगते. लॅम्प्रेचं रक्त लाल, त्यात हिमोग्लोबिन, म्हणून ते आपलंच असं सगळे धरून होते. २०१० मध्ये ग्लोबिन जनुकांची वंशावळ नीट लावली तेव्हा दिसलं की प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन दोन्ही वंशांनी ग्लोबिनच्या वेगवेगळ्या पूर्वजांपासून स्वतंत्रपणे बनवलं आहे. आपलं हिमोग्लोबिन चार घटकांचं पक्कं बांधलेलं. लॅम्प्रेचं प्राणवायू धरताना सुटं होतं आणि सोडल्यावर पुन्हा एकत्र येतं. काम एक, नाव एक, घराणी दोन.

आता ते मोठं उदाहरण. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या पेटीत "ॲमोसीट लार्व्हा", म्हणजे लॅम्प्रेची अळी, अशी चिठ्ठी लावलेली काचपट्टी नक्की असेल. ती पुन्हा एकदा काढा आणि कमी भिंगाखाली निवांत पाहा. घशाचा आडवा छेद असेल तर वर मध्यावर मेरुरज्जू दिसेल, दाबून चपटा केल्यासारखा. त्याच्या खाली मोठा गोल पृष्ठरज्जू, आतल्या पेशी साबणाच्या फेसासारख्या पोकळ. खाली ऐसपैस घसा आणि दोन्ही बाजूंनी त्यात आलेल्या कल्ल्यांच्या पिसासारख्या पात्या. आणि घशाच्या तळाशी, अगदी मधोमध, गडद रंग घेतलेल्या ग्रंथिपेशींचे पाचरीसारखे गठ्ठे. ते एंडोस्टाइल. ॲमोसीट नदीतळाच्या गाळात तोंड वर ठेवून वर्षानुवर्षं पुरून राहतो, पाणी आत ओढतो आणि त्यातले बारीक कण चिकट स्रावात धरून गिळतो. रूपांतराच्या वेळी तोच एंडोस्टाइल मोडून थायरॉइड होतो. एकाच प्राण्याच्या आयुष्यात गाळून खाण्याच्या यंत्राची अंतःस्रावी ग्रंथी होते, आणि आयोडीन बांधण्याचं काम दोन्ही अवस्थांत चालू राहतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी किती वेळ त्या काचपट्टीकडे पाहत बसले होते, ते मला अजून आठवतं.

ॲमोसीट असा गाळात बसून गाळून खाणारा, आंधळा. ॲम्फिऑक्सससुद्धा वाळूत बसून गाळून खाणारा. दोघांत एंडोस्टाइल. मग दीडेकशे वर्षं सगळ्यांनी जोडणी केली ती अशी: पृष्ठवंशींचा पूर्वज ॲमोसीटसारखाच असणार. पाठ्यपुस्तकांतली ती नमुन्याची आकृती, "आदर्श आदिम पृष्ठवंशी" वगैरे, तिथूनच आली. मीही वीस वर्षं हेच शिकवलं, फळ्यावर बाण काढून.

२०२१ च्या मार्चमध्ये त्या बाणाला मोठा धक्का बसला. दक्षिण आफ्रिकेत माखांडा, म्हणजे पूर्वीचं ग्रॅहम्सटाउन, तिथल्या वॉटरलू फार्म नावाच्या जागी सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा शेल खडक आहे. तिथे रॉबर्ट गेस यांना प्रिस्कोमायझॉन नावाचा लॅम्प्रे आधीच सापडला होता, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नंतर त्याच खडकात त्याची पिल्लंही सापडली, वेगवेगळ्या वयांची. सगळ्यांत लहान तर अजून पोटाशी बलकाची पिशवी असलेलं, म्हणजे अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं. आणि त्या एवढ्याशा पिल्लाला मोठे डोळे होते, दातांची चकती होती. ॲमोसीट अवस्थेचा मागमूस नव्हता. तेत्सुतो मियाशिता आणि सहकाऱ्यांनी त्यासोबत आणखी तीन प्राचीन लॅम्प्रेंच्या पिल्लांचे जीवाश्म तपासले, तिथेही तेच. म्हणजे जुने लॅम्प्रे जन्मतःच छोटे प्रौढ होते. गाळात बसणारी अळी ही नंतर आली, नद्यांत वाढण्यासाठी लॅम्प्रेनी स्वतः घडवलेली सोय.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण विद्यार्थी हमखास इथे गोंधळतात. एंडोस्टाइल ॲम्फिऑक्ससमध्ये आहे, ॲसिडियनमध्ये आहे, म्हणजे तिसऱ्या घरातही आहे. तो अवयव जुनाच. थायरॉइडशी त्याचं नातं २०२१ नंतरही तसंच उभं आहे. पडली ती "आपला पूर्वज ॲमोसीटसारखा होता" ही कल्पना. त्या वर्षीच्या तासाला मी फळ्यावर बाण काढला, मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावला आणि मग पुसला. मुलांनी विचारलं, मॅडम, मग आधी काढायला का लावला? कारण तो बाण चांगल्या चांगल्या माणसांना दीडशे वर्षं खरा वाटला होता, आणि का वाटला हे कळल्याशिवाय तो पुसण्यात काही शिकल्यासारखं होत नाही.

आता जबडा. जबडा म्हणजे कल्ल्यांच्या कमानींपैकी सगळ्यांत पुढची कमान, हे एकोणिसाव्या शतकात गेगेनबाउरपासून शिकवलं जातं. मांडणीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. लॅम्प्रेच्या गर्भातही पुढची कमान आहे, तिच्यात मेंदूच्या कडेहून निघालेल्या चेतापट्टीच्या पेशी येतात, इतर कमानींत चालणारी हॉक्स जनुकं, म्हणजे शरीराचा कुठला भाग कुठे हे ठरवणारी, तिच्यात बंद असतात, अगदी आपल्यासारखंच. पण ती पुढची कमान कधीकाळी श्वास घेणारा कल्ला होती, असा निर्विवाद जीवाश्म मात्र हाती नाही. कॅनडातल्या ५० कोटी वर्षांहून जुन्या मेटास्प्रिगिनामध्येही पहिली कमान कल्ल्याविनाच दिसते. लॅम्प्रेत तिच्यातून पाणी आत ओढणारा पडदा आणि ओठ बनतात. म्हणजे माल दोन्हीकडे होता. प्रश्न हा की आपल्या वंशात त्यातून वरचा आणि खालचा जबडा बनायला अडथळा कोणता होता आणि तो कधी हटला.

कुरातानींच्या गटाने गर्भ पाहून जे सुचवलं ते मला पटतं: अडथळा नाकाचा होता. लॅम्प्रेच्या गर्भात नाक आणि पीयूषिका ग्रंथी (पिट्युटरी) यांचा एकच सामाईक उंचवटा तोंडाच्या वर अगदी मध्यभागी बसलेला असतो. चेतापट्टीच्या पेशींना पुढे जायची वाट तो अडवतो. आपल्या गर्भात नाकाचे दोन भाग होऊन बाजूला सरकतात, पीयूषिका वेगळी होते, आणि मधली वाट मोकळी होते. त्या मोकळ्या वाटेने त्या पेशी पुढे येतात आणि चेहऱ्याचा पुढचा सांगाडा बांधतात. असं असेल तर जीवाश्मांत एक टप्पा सापडायला हवा: नाक विभागलेलं, पण जबडा अजून नाही.

तो सापडला. चीनच्या झेजियांग प्रांतातला शूयू नावाचा चिलखती मासा, गॅलिआस्पिड गटातला, ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, बोटाच्या नखाएवढ्या कवटीचा. गाय झिकुन आणि सहकाऱ्यांनी त्या कवट्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी न फोडता आतून पाहिल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. जबडा नाही, पण नाकाच्या दोन पिशव्या एकमेकींपासून दूर, आणि पीयूषिकेची वाट त्यांच्यापासून वेगळी. आपलं नाक दोन भागांत फुटलं ते आधी, तोंड जबड्याचं झालं ते मागाहून. एका प्रयोगशाळेतल्या गर्भावरून केलेलं अनुमान दुसऱ्या देशातल्या दगडात खरं ठरलं, आणि त्यासाठी लॅम्प्रेचा गर्भ आणि शूयूची कवटी दोन्ही लागली.

जनुकसंचाचं थोडक्यात. १९७० मध्ये सुसुमु ओनो यांनी मांडलं की पृष्ठवंशींच्या सुरुवातीला सगळा जनुकसंच दुप्पट झाला असावा. ॲम्फिऑक्ससमध्ये हॉक्स जनुकांचा एक गठ्ठा, माणसात चार, म्हणून दोनदा दुप्पट असं गणित बसायचं. लॅम्प्रे आणि हॅगफिशमध्ये सहा गठ्ठे निघाले तेव्हा ते गणित विस्कटलं. २०२४ मध्ये हॅगफिशचा जनुकसंच हाती आल्यावर चित्र स्पष्ट झालं: पहिलं दुप्पट होणं सगळ्यांचं सामाईक, त्यानंतर आपल्याकडे वेगळं दुप्पट आणि त्यांच्याकडे तिप्पट. दोन दुणे चार, दोन त्रिक सहा. शिवाय लॅम्प्रे गर्भावस्थेत आपल्या शरीरपेशींतून जवळजवळ पाचवा हिस्सा डीएनए काढून टाकतो आणि पूर्ण संच फक्त प्रजननपेशींत ठेवतो. "आदिम" म्हणवणाऱ्या प्राण्याचं हे वागणं!

चेतासंस्थेवरचं काम वैद्यकाच्या सगळ्यांत जवळ येतं. लॅम्प्रेच्या चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टन नसतं. वेग हवा तिथे तो तंतूच जाड करतो, आणि हे महाकाय तंतू सूक्ष्मदर्शकाखाली एकेकटे ओळखता येतात. तरुण फ्रॉइडने, मनोविश्लेषणाच्या कितीतरी आधी, व्हिएन्नात ब्र्युकेच्या प्रयोगशाळेत १८७७-७८ च्या सुमारास लॅम्प्रेच्या मेरुरज्जूतल्या पेशींवर काम केलं होतं. शंभर वर्षांनी स्टॉकहोममध्ये स्टेन ग्रिल्नर आणि सहकाऱ्यांनी लॅम्प्रेचा मेरुरज्जू शरीरातून काढून थंड क्षारद्रावात ठेवला आणि त्यात योग्य उद्दीपक द्रव्य घातलं. मेंदू नाही, स्नायू नाहीत, तरी त्या दोरीसारख्या तुकड्यातून डावा-उजवा, डावा-उजवा अशी पोहण्याची लय तासन् तास निघत राहिली. चालण्याची लय मेंदूत नसून कण्याच्या आतल्या जाळ्यात आहे, मेंदू फक्त ती सुरू करतो आणि आवरतो, हे ज्या तपशिलात लॅम्प्रेत उलगडलं तसं दुसऱ्या कुठल्या पृष्ठवंशीत उलगडायला फार वेळ लागला असता. आणि लॅम्प्रेचा मेरुरज्जू आरपार कापला तरी दहा-बारा आठवड्यांत तो पुन्हा पोहायला लागतो. सगळे तंतू पूर्वीच्या जागी जात नाहीत, तरीही पोहतो. अपघातात कणा दुखावलेली माणसं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना हे वाचून काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

संशोधनाला पैसा कुठून येतो हेही विचारायला हवं. त्याचं एक मोठं कारण अमेरिका-कॅनडामधली मोठी सरोवरं. नायगारा धबधब्यामुळे समुद्री लॅम्प्रे वरच्या सरोवरांत जाऊ शकत नव्हता. वेलंड कालव्याने धबधब्याला वळसा घालणारी वाट मिळाली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात दिसला आणि १९३८ पर्यंत सुपीरिअरपर्यंत पोचला. तिथल्या लेक ट्राउट माशाने असा शत्रू पाहिलाच नव्हता. वरच्या सरोवरांतून वर्षाला सुमारे १.५ कोटी पौंड ट्राउट निघायचा, तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ लाख पौंडांवर आला. मासेमार गावंच्या गावं बसली. मग हजारो रसायनं एकामागून एक तपासली गेली आणि टीएफएम नावाचं एक सापडलं, जे १९५८ पासून ओढ्यांत वापरलं जातं. ते गाळातल्या अळ्या मारतं, इतर बहुतेक माशांना तितकं बाधत नाही, कारण ते विष निष्प्रभ करून बाहेर टाकणारी यकृतातली व्यवस्था लॅम्प्रेकडे तोकडी आहे. तिथे लॅम्प्रे संकट, तर युरोपात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्याच काही जाती धरणांमुळे घटत चालल्या आहेत आणि लोक त्यांना वाचवायला धडपडत आहेत. आपण कालवा कुठे काढला आणि धरण कुठे बांधलं, यावर ते ठरलं.

परीक्षेचं विचाराल तर "आदिम पृष्ठवंशी" हा शब्द तुमच्या अभ्यासक्रमात आहे, तो लिहा. पण पुढे एक ओळ जोडा: "लॅम्प्रे व हॅगफिश हे जबडेवाल्या पृष्ठवंशींचे पूर्वज नसून भगिनी गट आहेत." एवढ्यावर गुण कापणारा परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

आणि रविवारी बाजारातून बांगडा आणलात तर डोकं टाकून देऊ नका. लॅम्प्रे मिळणार नाही, पण बांगडा मिळतो. कल्ल्यावरचं झाकण कात्रीने कापून काढा. आत लाल कल्ले धरलेल्या चार कमानी एकामागे एक दिसतील, पुढच्या काठाला कंगव्यासारख्या दातेऱ्या असलेल्या. त्या बोटाने एकेक करून मागे सारा आणि पुढे सरकत या. कल्ला नसलेली, जिभेला आधार देणारी कमान येईल. तिच्याही पुढे, त्याच रांगेत, त्याच वाकणाचा खालचा जबडा. तोंड हळूहळू उघडा-मिटा आणि मागच्या कमानी सोबत कशा हलतात ते पाहा. मग नाकपुड्या शोधा. डोळ्यांच्या पुढे, दोन्ही बाजूंना. मध्यावर काही नाही.